कपाटामागचं तळं

नोकरीसाठी गाव बदलावं की नाही, याबद्दल जगात दोन मतं आहेत. आमच्या इमारतीत एकोणीस होती, कारण भाडेकरू एकोणीस होते. माझं मत कुणी विचारलं नाही आणि ते बरंच झालं. पत्र आल्यापासून मी मत वगैरे बाळगण्याच्या अवस्थेतच नव्हतो. मी केव्हाच तळ्याकाठी राहायला गेलो होतो. सामान, बायको, मुलगी आणि माझा देह तेवढा जुन्या घरात मागे राहिला होता.

पत्र दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीचं होतं. कुठल्या कारखान्यात कुठलं यंत्र कुठे बसवायचं, याचे नकाशे ही कंपनी काढून देई. मी तोवर अठरा वर्षं पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढत होतो. टाकी गोल असते, नाहीतर चौकोनी असते. यापलीकडे त्या विषयात फारसं नाट्य नाही. नवी कंपनी दीडपट पगार देत होती, वर सामान हलवण्याचा खर्चही देत होती. अटी दोनच. पहिले सहा महिने परीक्षेचे. आणि वर्षाच्या आत मी कंपनी सोडली किंवा कंपनीनं मला सोडलं, तर सामानाचा खर्च परत करायचा. ही दुसरी अट पत्राच्या मागच्या बाजूला होती. पुढची बाजूच मी इतक्यांदा वाचत होतो की पान उलटायला सवड झाली नाही.

मागची बाजू वाचली ती वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्या काकांनी. काका निवृत्त झाले होते, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ते सगळ्या इमारतीचे हिशेब मांडत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मला खुर्चीत बसवलं. खुर्ची बँकेतली नसली, तरी मला कर्ज मागायला आल्यासारखं वाटू लागलं.

"पगार दीडपट. खर्च?" काकांनी विचारलं.

"तोही थोडा वाढेल," मी म्हणालो.

"थोडा. बरं. सूनबाईंचा पगार जाणार, तो कशात धरला?"

मी तो कशातच धरला नव्हता. आमच्या घरात माझ्या पगारावर घर चालायचं आणि हिच्या पगारातून शिल्लक पडायची. ही एका शाळेच्या ग्रंथालयात बारा वर्षं नोकरीला होती. तिथे सोडलेली जागा पुन्हा मिळत नसे, कारण रांगेत चाळीस जणी उभ्या होत्या.

"नवा पगार महिन्याच्या शेवटी मिळतो," काका म्हणाले, "भूक पहिल्याच दिवशी लागते. आणि हे घर एकदा सोडलंस की या भाड्यात तुला इथे गोठासुद्धा मिळणार नाही. मी जाऊ नको म्हणत नाही. मी फक्त बेरीज करतोय."

तळमजल्यावरच्या शिंपीदादांनी आपल्या धंद्यातला सल्ला दिला. "कापायच्या आधी दोनदा मोजावं," ते म्हणाले, आणि सुईत दोरा ओवून झाल्यावर पुढे म्हणाले, "आणि मोजून झालं की शक्यतो कापूच नये." त्यांच्याकडे टाकलेले कपडे वर्षानुवर्षं का मिळत नाहीत, हे मला त्या दिवशी समजलं.

पण मी कुणाचं ऐकणार? पत्राच्या पाठोपाठ एक फोटो आला होता. कंपनीच्या कारकुनानं एका घराचा पत्ता सुचवला होता आणि घरमालकीणबाईंनी खोलीचा फोटो पाठवला होता. रिकामी खोली, लाकडी जमीन, समोरच्या भिंतीला एक रुंद खिडकी आणि खिडकीत तळं. त्या तळ्यात काही विशेष नव्हतं. पाणी होतं, पलीकडे झाडं होती, एक होडी काठाला बांधलेली होती. पण अठरा वर्षं ज्यानं फक्त टाकीतलं पाणी पाहिलं, तेही कागदावर आणि तेही निळ्या रेघांनी, त्याला मोकळं पाणी दिसलं की काय होतं हे बँकेतल्या माणसाला समजायचं नाही.

मी घरमालकीणबाईंकडून घराची मापं मागवली. त्यांनी ती अर्ध्या इंचापर्यंत बिनचूक कळवली. त्यांच्याकडे बोट दाखवायला मला आजही जागा नाही. मग मी माझ्या धंद्याला शोभेल असं एक काम केलं. एका फुटाला अर्धा इंच या प्रमाणात त्या घराचा नकाशा काढला आणि त्याच मापात पुठ्ठ्याचं सगळं सामान कापलं. पलंग, टेबल, चार खुर्च्या, हिचं शिलाई मशीन, भिंगरीचा अभ्यासाचा चौरंग. भिंगरी म्हणजे आमची मुलगी. वय वर्षं दहा. ती एका जागी उभी राहिल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

दोन महिने रोज संध्याकाळी आम्ही तिघं त्या कागदावर राहायला जात असू. टेबल खिडकीपाशी सरकवायचं, पलंग आतल्या खोलीत न्यायचा. भिंगरीनं पुठ्ठ्याची तीन माणसंही कापली होती आणि त्यांना खुर्च्यांवर आडवं निजवून ती तळ्याकडे तोंड करून ठेवायची. "इथे बसून मी वाचणार," ही म्हणायची. "इथे मी काहीच करणार नाही," मी म्हणायचो. खरं सांगतो, त्या कागदी घरात आम्ही जितके सुखी होतो तितके क्वचितच कुठे असू. भाडं नाही, वीज नाही, शेजारी नाहीत.

त्या सामानात सगळ्यात मोठा तुकडा होता कपाटाचा. हे कपाट हिच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं केलेलं. ते सुतार होते. वर्षभर रविवार-रविवार खपून त्यांनी लेकीच्या लग्नासाठी ते घडवलं. सात फूट उंच, पाच फूट रुंद आणि त्यात एक खिळा नाही की स्क्रू नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड घालून बसवलेले. त्यामुळे ते सुटं होत नाही. त्यांच्यामागे त्यांची म्हणून एवढी एकच वस्तू आमच्याकडे होती. ही त्या कपाटाचा दरवाजा नेहमी जरा सावकाश लावते.

कागदावर ते कपाट आतल्या भिंतीला अगदी मापात बसलं. ही बराच वेळ नकाशाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आणि आत शिरायचं कुठून?"

मी तिला दार दाखवलं.

"ते कळलं," ती म्हणाली, आणि गप्प बसली. बायको गप्प बसली की आपलं म्हणणं पटलं असं समजणाऱ्या पुरुषांपैकी मी एक आहे.

नोकरीचं विचारलं तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "माझं मी बघते." मी पुढे काही विचारलं नाही. अनामत म्हणून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरायचं होतं. त्यासाठी भिंगरीच्या शिक्षणासाठी ठेवलेली बँकेतली ठेव मुदतीआधीच मोडली. ठेव मोडायच्या फॉर्मवर सही करताना काकांची आठवण आली, म्हणून सही जरा वाकडी आली. बँकेनं ती पुन्हा करायला लावली. जुन्या घरमालकानं मात्र चौदा वर्षांत पहिल्यांदा आम्हाला बसवून चहा पाजला, आणि आमचा चहा संपायच्या आत रंगाऱ्याला बोलावून भिंती मोजायला लावल्या.

"घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून" असं म्हणणाऱ्या माणसानं घर बदलून पाहिलं नसावं.

ट्रक नव्या घरापाशी थांबला. दुसरा मजला. खुर्च्या चढल्या, टेबल चढलं, पलंग कुरकुरत चढला. मग हमालांचा मुकादम कपाटापाशी आला. त्यानं एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा कपाटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. जिना अरुंद होता आणि प्रत्येक आठ पायऱ्यांवर वळत होता.

"साहेब, काम काय करता?" त्यानं विचारलं.

"नकाशे काढतो."

तो काहीच बोलला नाही. तो काहीतरी बोलला असता तर मला कमी लागलं असतं. मी सबंध घर काढलं होतं, खिडकीच्या चौकटीची जाडीसुद्धा काढली होती. घरापर्यंत पोचायचा जिना मात्र काढला नव्हता. अठरा वर्षं टाक्या काढल्या, टाकीला जिना बाहेरून असतो आणि तो दुसरा माणूस काढतो.

तासाभराच्या खटपटीनंतर कपाट जिन्याखालच्या मोकळ्या जागेत, दारं भिंतीकडे आणि पाठ लोकांकडे अशा रुसलेल्या अवस्थेत उभं करून हमाल निघून गेले. घरमालकीणबाई तळमजल्यावर राहत. बाई अत्यंत सौम्य. त्या कधीही आवाज चढवत नसत. प्रत्येक वाक्याची सुरुवात "माझं काही म्हणणं नाही" अशी करत.

"माझं काही म्हणणं नाही," त्या म्हणाल्या, "पण जिन्याखाली वस्तू ठेवली तर रोजचं वेगळं भाडं, असं करारात आहे."

"बघू बरं," मी म्हणालो. करारात काय आहे ते मला खरंच बघायचं होतं. पण करार कपाटात होता. "महत्त्वाचे कागद कपाटात ठेवते, म्हणजे हरवायचे नाहीत," असं ही निघताना म्हणाली होती, आणि ते अगदी खरं ठरलं. कागद हरवले नव्हते. कुठे आहेत ते सगळ्यांना माहीत होतं.

त्याच कपाटात माझी मूळ प्रमाणपत्रं आणि जुन्या कंपनीचं सुटकेचं पत्र होतं. नव्या कंपनीच्या हिशेबनीसांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मूळ कागद दाखवा, मग पगार सुरू." मी म्हणालो, कागद जिन्याखाली आहेत. ते म्हणाले, वर आणा. मी म्हणालो, तेवढंच जमत नाहीये.

कपाट आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. दार तेवढंच उघडत होतं. भिंगरीचा हात आणि माझी नकाशाची लांब पट्टी, या दोन उपकरणांनी आम्ही तीन संध्याकाळी त्या फटीत मासेमारी केली. हाती लागलं ते असं: एका मोडलेल्या छत्रीची पावती, हिच्या मावशीचं पत्र, आणि माझं सातवीचं प्रगतिपुस्तक. त्यात "भूमिती बरी, लक्ष खिडकीबाहेर" असा शेरा होता. तो शेरा घरमालकीणबाईंनी मोठ्यानं वाचून दाखवला.

शेवटी निम्म्या दिवसाची मजुरी देऊन चार माणसं आणली, कपाट फिरवलं, कागद निघाले. पगार पंधरा दिवस उशिरा सुरू झाला. तोवर कपाट आमच्याहून महाग भाड्यात राहत होतं. जागेच्या मानानं हिशेब केला तर ते शहरातलं सगळ्यात श्रीमंत भाडेकरू ठरलं असतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, पण मोती निदान अंगावर मिरवता येतो.

"विकून टाकू या का?" असं मी एकदा हिला विचारलं. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी लगेच क्रेनची चौकशी करायला बाहेर पडलो.

क्रेन मिळत होती. पण क्रेन उभी करायला दोन तास रस्ता बंद ठेवावा लागणार आणि रस्ता बंद ठेवायला नगरपालिकेची परवानगी लागणार. नगरपालिकेत खिडकीमागच्या कारकुनानं फॉर्म दिला. त्यात उचलायच्या वस्तूसाठी तीन रकाने होते: यंत्र, झाड, इतर.

"इतर लिहिलं तर अर्ज वरच्या ऑफिसात जातो," तो म्हणाला. "दोन महिने."

"मग यंत्र लिहितो."

"यंत्र लिहिलं तर किती अश्वशक्तीचं ते लिहावं लागतं."

"झाड?"

त्यानं विचार केला. "कशाचं आहे कपाट?"

"लाकडाचं."

"मग झाड चालेल," तो म्हणाला, आणि शिक्का मारला. आमच्या कपाटाची सरकारदरबारी अजूनही 'झाड, एक, जुने' अशी नोंद आहे. परवानगी सकाळी नऊ ते अकरा.

त्या सकाळी खिडकीची चौकट काढायला एक म्हातारा सुतार आला. तो चौकट काढायच्या आधी खाली कपाटापाशी गेला. त्यानं चष्मा लावला, सांध्यांवरून अंगठा फिरवला.

"खिळा नाही एकही," तो म्हणाला. "कुणाचं काम?"

"माझ्या वडिलांचं," ही म्हणाली. दोघं थोडा वेळ तिथेच उभे राहिले. क्रेनवाला घड्याळ दाखवत होता म्हणून मला मध्ये बोलावं लागलं.

साडेदहाला कपाट हवेत गेलं. ते दृश्य मी विसरणार नाही. दोरांवर ते हळूहळू फिरत होतं, दाराच्या आरशात आधी रस्ता दिसला, मग छपरं, मग आकाश, आणि सगळ्यात शेवटी तळं. एवढं मोठं, जड लाकूड, पण वर गेल्यावर त्याला काही वजनच नव्हतं. भिंगरीनं टाळ्या वाजवल्या. हिनं पदराचं टोक धरून ठेवलं होतं. मी खाली रस्त्यावर तोंड उघडं टाकून उभा होतो आणि मागे कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवत होतं. वळून पाहिलं तर अडकलेल्या गाड्यांच्या रांगेत पहिली गाडी आमच्या मोठ्या साहेबांची होती.

साहेबांनी काच खाली केली. "तुमचं आहे ते?"

"हो साहेब."

"हं," साहेब म्हणाले, आणि काच वर केली.

कपाट खिडकीतून आत आलं, जमिनीला टेकलं, आणि अकरा वाजले. क्रेनवाल्यानं दोर सोडले आणि तो निघाला. सुतारानं चौकट बसवून दिली. आता कपाट आतल्या भिंतीकडे न्यायचं तेवढं राहिलं होतं. मी हात लावला, इतक्यात दारात घरमालकीणबाई उभ्या.

"माझं काही म्हणणं नाही," त्या म्हणाल्या, "पण लाकडी जमिनीवर जड वस्तू सरकवून चरा पडला, तर अनामत परत मिळणार नाही. करारात आहे."

आता करार हातात होता. मी वाचला. होतं.

उचलायला आठ माणसं लागणार होती, आणि आठ माणसं परवडण्याचे दिवस संपले होते. म्हणून कपाट जिथे टेकलं तिथेच राहिलं. तळ्यासाठी गाव सोडलं, आणि तळ्यावर कपाट उभं राहिलं. उजव्या बाजूला दोन बोटांची फट तेवढी उरली. सकाळी चहाचा कप घेऊन आम्ही तिघं पाळीपाळीनं त्या फटीला डोळा लावत असू. फटीतून तळ्याची एक उभी पट्टी दिसायची. त्यात कधी होडीचं टोक, कधी एखाद्या झाडाचं निम्मं, कधी नुसतं चमकणारं पाणी. गंमत म्हणजे तेवढंसुद्धा पुरायचं. फटीपासून डोळा काढला तरी ते पाणी डोळ्यांत बराच वेळ हलत राहायचं, आणि मी बसचे पैसे वाचवायला चालत ऑफिसला जाताना अर्ध्या रस्त्यापर्यंत त्याच्यातच असायचो.

खर्चाचं बिल मी ऑफिसात दिलं. हिशेबनीसांनी ते दोन बोटांत धरलं. "कंपनी सामान हलवण्याचा खर्च देते," ते म्हणाले. "हलवणं म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी. आडवं. हे उभं आहे." मी त्यांना पुष्कळ समजावलं. शेवटी ते म्हणाले, परीक्षेचे सहा महिने पुरे होईपर्यंत काही बोलूच नका, तुमच्याच फायद्याचं आहे.

यात धमकी नव्हती, पण त्या रात्री मीही वर्तमानपत्राच्या कडेवर बेरीज मांडली. शिल्लक संपली होती. सहा महिन्यांनी साहेबांनी मला नको म्हटलं, तर सामानाचा खर्च परत द्यायचा होता आणि द्यायला काही नव्हतं. जुन्या घरात नवा रंग आणि नवे भाडेकरू आले होते. काकांची बेरीज बरोबर निघत होती, आणि काका अधूनमधून पत्रानं विचारत होते, "तळं कसं आहे?"

साहेब तर माझ्याशी 'हं'च्या पुढे गेलेच नाहीत. पाच महिने. मी नकाशा नेऊन दाखवायचो, ते बघायचे, म्हणायचे "हं". आणि माझे नकाशेही आता विचित्र होऊ लागले होते. यंत्र कुठे बसेल एवढंच मी काढत नव्हतो. ते फाटकातून कसं शिरेल, कुठल्या दारातून वळेल, वाटेतल्या पायऱ्या किती, छत किती उंच, हे सगळं काढत होतो. एकदा तर फाटकाबाहेरचं झाडही काढलं. शेजारच्या टेबलावरचे सहकारी मला 'जिनेवाले' म्हणू लागले. एका कारखान्याच्या नकाशाखाली मी लिहिलं की यंत्र ठरलेल्या जागी उत्तम बसेल, फक्त तिथपर्यंत पोचणार नाही, कारण मधलं दार चार इंचांनी कमी आहे. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "हं," ते म्हणाले.

सहाव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, ही कपड्यांच्या घड्या घालत होती. ती सहज म्हणाली, "सोमवारी माझी रजा संपते."

"कसली रजा?"

"ग्रंथालयातली. मी राजीनामा दिला नव्हता. सहा महिन्यांची बिनपगारी रजा टाकली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा."

मी खुर्चीत बसलो. मला आधी आनंद झाला नाही, राग आला. एवढी मोठी गोष्ट मला सांगितली नाही म्हणजे काय. मी घरचा कर्ता आहे की पुठ्ठ्याचा माणूस?

"तुझा माझ्यावर भरवसा नव्हता तर," मी म्हणालो.

"तुमच्यावर होता. नकाशावर नव्हता." तिनं घडी घातलेला सदरा बाजूला ठेवला. "त्यात जिना नव्हता. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"मग सांगायचं नाही का?"

"विचारलं की, आत शिरायचं कुठून. तुम्ही दार दाखवलंत." दुसरा सदरा उचलून ती म्हणाली, "इतके रमला होता तुम्ही त्यात. मी तुम्हाला अठरा वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. मोडवेना मला. म्हटलं, जिना आपण ठेवू, मागच्या बाजूनं."

दोन महिने मी जे घर काढत होतो, त्याच्यामागे ती न बोलता दुसरा जिना बांधत होती, परत उतरायला. सगळं फसलं तर आमच्याकडे तेवढंच होतं. माझे डोळे भरून आले, म्हणून मी उठून फटीपाशी गेलो आणि तळं बघायचा बहाणा केला.

"तू सोमवारी जा," मी तिकडे तोंड करून म्हणालो. "बारा वर्षांची नोकरी आहे. साहेबांचं काही खरं नाही. आपण परत जाऊ. जमेल तेवढं फेडू. हौस फिटली माझी."

ही काहीच बोलली नाही. या वेळी मात्र माझं म्हणणं पटलं असं मी समजलो नाही.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस होतं. सुटताना शिपायानं माझ्या टेबलावर एक बंद पाकीट ठेवलं. वर माझं नाव, कोपऱ्यात साहेबांची सही. ते उघडायचं धाडस मला झालं नाही. मी ते खिशात घातलं आणि चालत निघालो. तळ्याकडून वारा येत होता. वाटेत मी मनातल्या मनात सगळं सामान पुन्हा ट्रकमध्ये चढवलं, कपाट पुन्हा दोरांवर टांगलं, नगरपालिकेत पुन्हा झाडाचा अर्ज दिला. जिन्यात पोचलो तर वरून करवतीचा आवाज येत होता.

मी दोन-दोन पायऱ्या चढून वर गेलो. कपाटाची दारं सताड उघडी होती, कप्पे आणि कपडे पलंगावर काढून ठेवले होते, आणि कपाटात शिरून तो म्हातारा सुतार पाठीची फळी कापत होता. ही शेजारी उभी राहून फळीला हात देत होती. दारात घरमालकीणबाई होत्या.

"माझं काही म्हणणं नाही," त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पुढे काही सुचलं नाही. कपाटाच्या पाठीबद्दल करारात काही नव्हतं.

"अगं, हे काय?" मी म्हणालो. "तुझ्या वडिलांचं कपाट."

"बाबा असते तर त्यांनीच करवत घेतली असती," ती म्हणाली. "खिडकी झाकणारं कपाट त्यांनी कधीच केलं नसतं."

"अशानं ते विकता येणार नाही. हलवता येणार नाही. पाठ कापलेलं कपाट दोरावर चढवलं तर वाकेल."

"ठाऊक आहे. मी सकाळी राजीनामा टपालात टाकला."

मी खिशातलं पाकीट बाहेर काढलं. "हे अजून उघडलं नाहीये मी. यात काय असेल माहीत नाही. मी नापास झालो असेन तर?"

"तर इथे बसून बघत बघत ठरवू काय करायचं ते," ती म्हणाली. "ते खाली ठेवा आणि आधी हे धरा."

मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि फळीचं दुसरं टोक धरलं. सुतारानं शेवटचे चार हात मारले, आम्ही फळी बाजूला घेतली, आणि कपाटात तळं उगवलं. सबंध. पाणी, पलीकडची झाडं, बांधलेली होडी, सगळं सासऱ्यांच्या चौकटीत अगदी मापात बसलेलं. सुतारानं आत हात घालून खिडकीची दारं ढकलली. वारा आत आला आणि आतल्या दांडीला चुकून राहिलेला माझा एकच सदरा हलू लागला.

भिंगरीनं मधल्या वेळात पाकीट फोडलं होतं. ती चालत चालत वाचू लागली. नोकरी कायम केली होती. यापुढे कंपनीच्या प्रत्येक नकाशात फाटक, दार, वळणं आणि जिना दाखवण्याचा नियम करण्यात आला होता, आणि ते तपासण्याचं काम माझ्याकडे दिलं होतं. खाली हिशेबनीसांची वेगळी ओळ होती: कपाट उभे चढवण्याचा खर्च नामंजूर. त्याच्याही खाली साहेबांच्या अक्षरात एकच शब्द होता, "हं".

मी हिच्याकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं की नाही कोण जाणे. ती वडिलांच्या कपाटासमोर खुर्ची ओढून बसली होती आणि तिच्या मांडीवर पुस्तक होतं, पण ती वाचत नव्हती. मी दुसरी खुर्ची आणली, उचलून, जमिनीला चरा न पाडता, आणि तिच्या शेजारी काहीही न करता बसलो.